मंगळाचं एकेरी तिकीट: नाव द्यावं की देऊ नये?

सातारा-सांगलीच्या माणसाला गाव सोडायला शिकवावं लागत नाही. विटा-आटपाडीकडची गलाईवाली कुटुंबं सोनं-चांदी गाळत केरळापासून उत्तर प्रदेशापर्यंत पसरलीत. साताऱ्याकडं घरटी एक फौजी सांगणारी गावं आहेत. त्यामुळं "मंगळावर माणसं न्यायचीत, पण परत आणणार नाही" असं कुणी म्हटलं, की इथल्या एखाद्या पंचविशीतल्या पोराचा पहिला प्रश्न 'फॉर्म कुठं मिळतो' हाच असणार.

फॉर्म आज कुठंच मिळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. माणूस मंगळावर सुखरूप उतरवून दाखवलेलं यान जगात कुणाकडंही नाही. पण ही कल्पना दर काही वर्षांनी नव्या जाहिरातीसकट उगवते. पुढच्या वेळी उगवेल तेव्हा हिशेब हाताशी असावा, म्हणून तीन वाटा शेजारी ठेवून बघतो: एकेरी मंगळ, परतीचं मंगळ, आणि आज खरोखर उघडी असलेली तिसरी वाट म्हणजे अंटार्क्टिकातला एक हिवाळा.

एकेरी स्वस्त पडतं, पण कुणाला?

मंगळावर जाण्यापेक्षा तिथून निघणं जास्त महाग आहे. नासाच्या अंदाजानुसार चार माणसांना मंगळाच्या जमिनीवरून वर उचलायला सुमारे ७ टन इंधन आणि ते जाळायला २५ टन ऑक्सिजन लागेल. नासानं आजवर तिथं उतरवलेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे पर्सिव्हरन्स रोव्हर, वजन साधारण एक टन. त्याच रोव्हरवर मॉक्सी नावाचं यंत्र होतं, मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन बनवणारं. २०२१ ते २०२३ या काळात ते १६ वेळा चालवलं आणि सगळा मिळून १२२ ग्रॅम ऑक्सिजन निघाला. प्रयोग म्हणून झकास काम झालं. पण १२२ ग्रॅम कुठं आणि २५ टन कुठं!

परतीचं नाव सोडलं की ही कटकट एका फटक्यात मिटते. २०१० मध्ये पॉल डेव्हिस आणि डर्क शुल्झ-माकुख या दोन शास्त्रज्ञांनी एकेरी मोहिमेची बाजू मांडली, तिच्यातही खर्चाचा मुद्दा मोठा होता.

आता तोच हिशेब जाणाऱ्याच्या बाजूनं वाचा. चार माणसांना वर्षभर श्वास घ्यायला एकूण साधारण एक टन ऑक्सिजन लागतो. म्हणजे परतीसाठी जो जाळावा लागला असता, तो त्या चौघांचा २५ वर्षांचा श्वास झाला. पाठवणाऱ्याची बचत पहिल्याच दिवशी होते. तुमचा खर्च मात्र तुम्ही जिवंत आहात तोवर चालू राहतो, आणि तो भरणारा दुसराच कुणीतरी असतो. पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी येतात दर २६ महिन्यांनी, त्यामुळं माल येणार तोही त्याच हिशेबानं, आणि वाटेत सहा-नऊ महिने घालवून.

मार्स वन या डच कंपनीचं प्रकरण इथं बघण्यासारखं आहे. २०१३ मध्ये तिनं एकेरी प्रवासासाठी अर्ज मागवले. दोन लाखांवर लोकांनी रस दाखवल्याचा कंपनीचा दावा होता, फी भरून अर्ज पूर्ण केलेले त्याच्या जवळपासही नव्हते. २०१४ मध्ये एमआयटीच्या अभ्यासकांनी तिचा आराखडा तपासला, तेव्हा पेपरवाल्यांनी एकच गोष्ट उचलली: पहिला माणूस ६८व्या दिवसाच्या आसपास गुदमरेल. मला त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. वस्ती वाढत गेली तर १३० महिन्यांनंतर पृथ्वीवरून पाठवायच्या मालात ६२ टक्के वजन निव्वळ सुट्या भागांचं असेल. पलूसच्या मळ्यात मोटर जळाली तर ती काढून रिवाइंडिंगला टाकायची आणि तोवर शेजाऱ्याच्या विहिरीवर भागवायचं. मंगळावर हवेच्या यंत्रातलं एखादं वॉशर गेलं आणि डब्यात दुसरं नसलं, तर पुढचं यान येईपर्यंत भागवायला शेजारी नाही.

जानेवारी २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या न्यायालयानं ती कंपनी दिवाळखोर ठरवली. तोवर कुणीही वर गेलेलं नव्हतं, हे नशीबच. चार जण पोचलेले असते तर कंपनीच्या देणेकऱ्यांच्या यादीत त्यांचा नंबर कितवा लागला असता?

परतीची वाट नसलेलं जाणं म्हणजे काय, ते आपल्या जिल्ह्यानं कोयनेत पाहिलंय. १९६०च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गावं गेली आणि माणसं दुसऱ्या जिल्ह्यांत नेऊन बसवली. ती हौसेनं गेली नव्हती, हा फरक मोठा आहे, तो विसरून चालणार नाही. पण पाठवणाऱ्यानं दिलेल्या शब्दाचं पुढं काय होतं, ते त्यांनी चांगलंच भोगलं. जमिनी आणि साध्या सोयींसाठी दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपर्यंत आंदोलनं करावी लागली. तरी त्यांना ठिय्या द्यायला कलेक्टर कचेरी होती.

म्हणून अंगात धाडस किती, हा माझ्या लेखी दुय्यम प्रश्न. तुमचा दोर कुणाच्या हातात आहे आणि तो हात पंधरा वर्षांनी जागेवर असेल का, हे आधी बघावं. परतीच्या मोहिमेत हा दोर अडीच-तीन वर्षं टिकला तरी पुरतो.

शरीराचा हिशेब

इथं एकेरी वाटेला एक गुण मिळतो, तोही सांगायला हवा. अवकाशप्रवासात दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट (हे किरणोत्सर्ग मोजायचं माप) किरणोत्सर्ग अंगावर येतो, मंगळाच्या पृष्ठभागावर सुमारे ०.६७. ही मोजमापं नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरवरच्या उपकरणाची. सात महिन्यांचा प्रवास धरला तर एका खेपेला पावणेचारशेच्या घरात जातो. नासानं आपल्या अंतराळवीरांना सगळ्या कारकिर्दीसाठी ६०० ची मर्यादा घातली आहे. परतीत दोन खेपा, म्हणजे ती मर्यादा नुसत्या प्रवासातच ओलांडली. एकेरीत एकच खेप. पण तिथं उघड्यावर राहिलात तर वर्षाला अडीचशेच्या आसपास भर पडत राहणार. त्यावर उपाय म्हणजे काही मीटर मातीखाली घर करायचं. थोडक्यात, नवा ग्रह बघायला जायचं आणि जन्म तळघरात काढायचा. बाहेर सरासरी उणे ६० अंश आणि हवेचा दाब आपल्या एक टक्काही नाही. रोज पहाटे अजिंक्यतारा चढणाऱ्यानं एवढंच डोळ्यांसमोर आणावं, की अंगावर नुसता शर्ट घालून चालणं आयुष्यातून कायमचं गेलं.

गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के. पृथ्वीबाहेरच्या जमिनीवर माणूस सलग जास्तीत जास्त राहिलाय तो सुमारे ७५ तास, १९७२ मध्ये चंद्रावर, अपोलो १७ च्या वेळी. म्हणजे अशा कमी ओढीत जन्म काढला तर शरीराचं काय होतं, ते कुणालाच ठाऊक नाही. आणि वसाहत करायची म्हणजे तिथं पोरंही जन्माला घालायची. तुम्ही सही कराल ती स्वतःसाठी, त्या पोरांची सही कोण करणार? या एका मुद्द्यावर माझं मत ठाम आहे: ज्याला मुलंबाळं हवीत त्यानं एकेरी वाटेचं नाव काढू नये.

माणसांचा हिशेब

गलाईवाला कोचीनला असला तरी जत्रेला येतो, आणि घरात काही बरंवाईट झालं तर मिळेल त्या गाडीनं निघतो. मंगळ जवळ असतो तेव्हा साडेपाच कोटी किलोमीटरवर, लांब असतो तेव्हा ४० कोटींवर. आवाज एका बाजूला पोचायला ३ ते २२ मिनिटं. आईला "जेवलीस का?" विचारायचं आणि "हो रे, तू?" ऐकायला पाऊण तासापर्यंत थांबायचं. त्याला फोन म्हणत नाहीत, पत्रव्यवहार म्हणतात. सूर्य मधे आला की साधारण दोन आठवडे तोही भरवशाचा राहत नाही.

आणि बरोबरची माणसं? अमेरिकेत ॲरिझोनामध्ये १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं आठ जण बायोस्फिअर २ नावाच्या बंद काचघरात राहिले. आतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४.२ वर घसरला आणि बाहेरून सोडावा लागला. आठांचे दोन गट पडले, ते वेगळंच. गावकीत राहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. पण गावकीत नाही पटलं तर माणूस मळ्यात जाऊन राहतो.

कायद्याचं थोडक्यात: १९६७च्या अवकाश करारानुसार कुठल्याही देशाला दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवर मालकी सांगता येत नाही, आणि यान ज्या देशात नोंदवलेलं त्याचा अधिकार त्यातल्या माणसांवर चालतो. तेव्हा पहिले गेलात म्हणून सातबारा तुमच्या नावावर होणार नाही.

तिसरी वाट

भारताची अंटार्क्टिकात मैत्री आणि भारती ही दोन केंद्रं चालू आहेत. मोहिमा निघतात त्या गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून. त्यांना शास्त्रज्ञ लागतात तसे डॉक्टर, स्वयंपाकी, मेकॅनिक, इलेक्ट्रिशियनही लागतात. आयटीआय करून जनरेटरवर हात बसलेल्या पोराला मंगळापेक्षा इथं कितीतरी खरी संधी आहे. वैद्यकीय तपासण्या कडक असतात, उत्तराखंडात औलीला आयटीबीपी या सीमा पोलीस दलाकडं बर्फातलं प्रशिक्षण होतं. हिवाळी तुकडीत निवड झाली तर कित्येक महिने जहाज येत नाही, सूर्य काही आठवडे उगवत नाही, आणि तीच तीच तोंडं रोज जेवायला समोर.

धोकाही लुटूपुटूचा नाही. मैत्रीपासून काही किलोमीटरवरच्या रशियन केंद्रात १९६१ मध्ये लिओनिद रोगोझोव्ह या २७ वर्षांच्या डॉक्टरला अपेंडिक्सचा त्रास झाला. दुसरा डॉक्टर नव्हता, बाहेर वादळ. त्यानं सहकाऱ्यांच्या हातात आरसा दिला आणि स्वतःचं पोट स्वतः उघडून ऑपरेशन केलं. तो वाचला, आणि पुढच्या वर्षी घरी परतला.

तर पंचविशीतल्या पोरापोरींनी एकेरी मोहिमेला सरळ नाही म्हणावं, पाठवणारा कितीही मोठा असो. परतीची मोहीम खरंच निघाली तर जरूर नाव द्यावं, आणि तोवर अंटार्क्टिकाची जाहिरात येते का, यावर लक्ष ठेवावं. तिथला हिवाळा ज्याला झेपला नाही, त्याला आपलं उत्तर फार स्वस्तात मिळालं.

साठी उलटलेल्यांचं वेगळं आहे. पोरं मार्गी लागलीत, किरणोत्सर्गानं वीस-तीस वर्षांनी होणाऱ्या कर्करोगाची धास्ती वयामुळंच कमी, आणि हातात एखादं कसब आहे, अशा माणसाला मी अडवणार नाही. मात्र दोन गोष्टी त्यानं लेखी घ्याव्यात. एक, माणूस निघण्याआधी किती वर्षांचे सुटे भाग मंगळावर उतरलेले असतील. दोन, एक कंपनी बुडाली तर माल पाठवायला बांधील असलेली दुसरी कोण. आणि पेन्शनर असेल तर दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला कसा द्यायचा, तेही निघण्याआधी बँकेत विचारून ठेवावं.