नव्या खिडक्या आणि त्यांच्याभोवतीची कामे : बेळगावातील आमच्या घराचा अनुभव

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटापासून जवळच आमचे आजोबांच्या काळातील घर आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, दीड फूट जाडीच्या. खिडक्या सागवानी चौकटीच्या आणि लोखंडी गजांच्या. पश्चिमेकडील तीन खिडक्यांच्या चौकटी पावसाच्या झडीने खालून कुजल्या होत्या आणि झडपा आषाढात इतक्या फुगत की खांद्याने रेटल्याशिवाय बंद होत नसत. म्हणून यंदा गुढीपाडव्यानंतर सहा खिडक्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या चौकटीच्या, करून घेतल्या. काम उद्यमबागेतील एका फॅब्रिकेटरला, म्हणजे खिडक्या बनवून बसवणाऱ्याला, दिले होते. त्या कामाविषयी, आणि विशेषतः त्याला जोडून कराव्या लागलेल्या कामांविषयी सविस्तर लिहीत आहे, कारण खिडकी टिकणार की गळणार हे तिच्याभोवतीच्या वीतभर भिंतीवर ठरते, असे माझे आता पक्के मत झाले आहे.

आधी खिडक्यांविषयी. माल उत्तम आहे. चौकटीच्या आत जस्त चढवलेली लोखंडी पट्टी आहे, कोपरे वितळवून जोडलेले आहेत, त्यामुळे तेथे फट नाही. पश्चिमेला सरकत्या खिडक्या न घेता बिजागरीच्या घ्या, हा सल्ला फॅब्रिकेटरनेच दिला आणि तो योग्य ठरला. बिजागरीची झडप बंद करताना रबराची पट्टी चहूबाजूंनी दाबली जाते. सरकत्या खिडकीत तसा दाब बसत नाही, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर वारा पाऊस आडवा आणून मारतो. मालगाडीचा भोंगा आता पूर्वीपेक्षा बराच मंद ऐकू येतो, आणि आईची दुपारची झोप मोडत नाही.

तक्रार आहे ती बसवण्याच्या पद्धतीविषयी. मापे जुन्या चौकटी जागेवर असतानाच घेतली गेली. जुनी चौकट होल्डफास्टने, म्हणजे भिंतीत पुरलेल्या लोखंडी पट्टीने, अडकवलेली असते आणि जांभा ठिसूळ असतो; चौकट उपटली की होल्डफास्टबरोबर चिऱ्याचा तुकडाही निघून येतो. आमच्या दिवाणखान्यात एका बाजूला दोन इंच खिंडार पडले. कामगारांनी ते फवारल्यावर फुगणाऱ्या फोमने भरून वरून सिलिकॉनची रेघ ओढली. फोम हा बोटभर फटीसाठी असतो, भिंतीच्या जागी भरण्यासाठी नाही, आणि धूळ न झाडता लावलेले सिलिकॉन जांभ्याला धरतच नाही. मेच्या शेवटी आलेल्या वळवाच्या एकाच सरीत दिवाणवरची गादी भिजली.

आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून येणारे गवंडीमामा आहेत. त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "आधी कडा बांधून घ्यायला पाहिजे होत्या, खिडकी मागनं." मग ती एक खिडकी काढून, बारीक खडीच्या काँक्रीटने चारही कडा सरळ करून, सात दिवस पाणी मारून ती पुन्हा बसवली. फॅब्रिकेटरने यासाठी दोनदा माणसे पाठवली आणि जादा पैसे मागितले नाहीत, हे नमूद करणे आवश्यक आहे. तरीही चौकट काढणे, कडा बांधणे, मग माप घेणे आणि मग खिडकी बनवणे, हा क्रम त्यांनी स्वतःहून सांगायला हवा होता. यात दोन-तीन आठवडे अधिक जातात आणि तेवढे दिवस भोकांवर ताडपत्री बांधून राहावे लागते; म्हणून हे काम उन्हाळ्यातच काढावे.

जोडकामांपैकी सर्वात उपयोगी ठरली ती खिडकीखालची ग्रॅनाइटची पट्टी. ती बाहेरच्या बाजूला अर्धा इंच उतरती बसवली, भिंतीच्या दोन इंच पुढे काढली आणि तिच्या खालच्या अंगाला कडेशी एक खाच मारून घेतली. पाणी दगडाच्या पोटाला चिकटून भिंतीकडे परतू पाहते. खाचेपाशी आले की ते तुटून खाली पडते. छज्ज्याच्या खालच्या कडेलाही अशीच खाच काढली. या दोन खाचांना लागला तो केवळ एका दिवसाचा रोज, पण भिंतीवरचे काळे ओघळ या पावसाळ्यात उठलेले नाहीत.

गिलाव्याच्या वेळी एक चूक आमच्याच देखत झाली. खिडकीच्या चौकटीच्या खालच्या पट्टीत साचलेले पाणी बाहेर जाण्यासाठी लांबट छिद्रे असतात. गिलाव्याचा माल पडून त्यांपैकी दोन बुजली. गवंडी गेल्यानंतर प्रत्येक खिडकीच्या पट्टीत तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते का, हे उभे राहून पाहावे. आम्ही तसे पाहिले म्हणूनच कळले, आणि सिमेंट ओले असतानाच काडीने ते काढता आले.

रंगाची घाई करू नये. नवा गिलावा तीन-चार आठवडे सुकू दिल्याशिवाय पुट्टी लावली तर तिचे पापुद्रे निघतात. आम्ही आतला रंग गणपतीच्या आधी उरकला आणि बाहेरचा पावसाळ्यानंतरवर ठेवला. पडद्यांच्या दांड्यांसाठीची छिद्रे मात्र रंगाआधीच, लिंटेलच्या, म्हणजे खिडकीवरच्या तुळईच्या, काँक्रीटमध्ये पाडून घेतली, कारण जांभ्यात स्क्रूसाठी ठोकलेला साधा गुल्ला फार काळ तग धरत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला जुलैत उमगली. जुन्या खिडक्यांच्या फटींतून घरातली ओल आपसूक बाहेर जात असे. आता घर घट्ट झाले आहे आणि पावसाळ्यात कपडे आतच वाळत घालावे लागतात. मागच्या खोलीतील कपाटाला बुरशीचा वास येऊ लागला. त्या खोलीत आणि न्हाणीत एक्झॉस्ट पंखे बसवल्यावर तो गेला. खिडक्यांबरोबरच हे पंखे धरले असते तर ताज्या रंगावर पुन्हा छिन्नी चालवावी लागली नसती.

स्वयंपाकघराची खिडकी अजून जुनीच आहे. तेथे बाहेर ग्रिल असल्यामुळे झडप बाहेर उघडत नाही आणि आत उघडली तर ओट्यावरच्या नळाला आपटते, त्यामुळे ती सरकती करणे भाग आहे. तेही काम याच फॅब्रिकेटरला देणार आहोत, मात्र दिवाळीनंतर गवंडीमामा चारही कडा बांधून मोकळे झाले की मगच फॅब्रिकेटरला माप घ्यायला बोलावू.