डेमोक्रॅटिक पक्ष की यूथ मूव्हमेंट? लघुप्रबंधासाठी नायजेरियातील दोन पर्याय

वसाहतकालीन आफ्रिकेतील पक्षांवर लघुप्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यासमोर, नायजेरियापुरते बोलायचे तर, दोन पर्याय प्रामुख्याने येतात : हर्बर्ट मॅकॉले यांनी १९२३ मध्ये लागोस येथे स्थापन केलेला नायजेरियन नॅशनल डेमोक्रॅटिक पक्ष आणि १९३४ मध्ये सुरू होऊन १९३६ पासून नायजेरियन यूथ मूव्हमेंट या नावाने ओळखली गेलेली संघटना.

१९२२ च्या राज्यघटनेने विधिमंडळात चार निर्वाचित जागा दिल्या, त्यांपैकी तीन लागोसच्या होत्या. मताधिकार मात्र वर्षाला किमान १०० पौंड उत्पन्न असलेल्या पुरुषांपुरताच होता. डेमोक्रॅटिक पक्षाने १९२३, १९२८ आणि १९३३ मध्ये लागोसची निवडणूक जिंकली. तरीही त्याचे खरे बळ मतदार यादीबाहेर होते, आणि माझ्या मते अभ्यासाचा गाभा तिथेच आहे. अलिमोतू पेलेवुरा यांच्या नेतृत्वाखालील बाजारातील विक्रेत्या स्त्रियांना मत नव्हते, पण त्या मॅकॉले यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. दुसरा आधार लागोसच्या पारंपरिक राजाचा, म्हणजे एलेको एशुगबायी यांचा. १९२० मध्ये मॅकॉले एलेकोंचा राजदंड घेऊन लंडनला गेले. तेथे मॅकॉले यांनी केलेली विधाने आपल्याला मान्य नाहीत, अशी दवंडी शहरभर पिटावी, असा आग्रह सरकारने एलेकोंकडे धरला. एलेकोंनी नकार देताच त्यांची मान्यता व तनखा काढून घेण्यात आला. १९२५ मध्ये तर त्यांना हद्दपार केले गेले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींसाठीच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, लढल्यानंतर ते १९३१ मध्ये परतले. हा विजय मोठाच होता, पण त्यामुळे पक्षाला एकत्र बांधणारा प्रश्नही मिटला. शिवाय पूर्वीच्या शिक्षेमुळे मॅकॉले स्वतः निवडणूक लढवू शकत नव्हते, आणि लागोसबाहेर पक्षाचा विस्तार जवळजवळ झालाच नाही.

नेमकी हीच उणीव यूथ मूव्हमेंटने हेरली. याबा येथील उच्च महाविद्यालयाच्या दुय्यम दर्जावरील टीकेतून पुढे आलेल्या या सुशिक्षित तरुणांनी अन्य शहरांतही शाखा काढल्या आणि १९३८ मध्ये लागोसची निवडणूक जिंकून जुन्या पक्षाची सद्दी संपवली. पुढे १९४१ मध्ये विधिमंडळाच्या एका जागेसाठी चळवळीतल्याच अर्नेस्ट इकोली आणि सॅम्युएल अकिनसान्या यांच्यात चुरस झाली. अकिनसान्यांचे समर्थक नामदी अझिकिवे बाहेर पडले आणि चळवळ खिळखिळी झाली. या फुटीला सरसकट जमातवाद म्हणणे मला पटत नाही, कारण योरुबा जमातीच्या ओबाफेमी अवोलोवो यांनी आपल्याच जमातीच्या अकिनसान्यांऐवजी इजॉ जमातीच्या इकोलींना पाठिंबा दिला होता.

फुटीचे राजकारण हा विषय असेल तर यूथ मूव्हमेंट घ्यावी. पक्षाचा उदय आणि ऱ्हास सविस्तर मांडायचा असेल, तर डेमोक्रॅटिक पक्षच घ्यावा, असे मी निःसंकोचपणे सुचवेन. मात्र कालखंड १९३८ ला न थांबवता १९४४ पर्यंत न्यावा, कारण त्या वर्षी स्थापन झालेल्या एनसीएनसी (नॅशनल कौन्सिल ऑफ नायजेरिया अँड द कॅमेरून्स) या नव्या आघाडीचे अध्यक्षपद मॅकॉले यांच्याकडे आणि सचिवपद अझिकिवे यांच्याकडे होते. १९६४ मध्ये नायजेरियन नॅशनल डेमोक्रॅटिक पक्ष याच नावाने निघालेला अकिंतोला यांचा पक्ष वेगळा आहे. संदर्भ शोधताना तो यात मिसळू देऊ नये.