एडीएस-बी एक्सचेंज खेड्यात किती कामाचं?

उडती विमानं नकाशावर थेट दाखवणाऱ्या साइटवर लष्करी किंवा टेहळणीची विमानं पाहायची असतील, तर फ्लाइटरडार24 ही साइट फार उपयोगाची नाही. विमानाच्या मालकाने विनंती केली की तिथे ते विमान झाकलं जातं. एडीएस-बी एक्सचेंज ही तशीच दुसरी साइट असं झाकत नाही, हीच त्याची खरी किंमत. पण वर्धा-यवतमाळकडच्या गावात बसून ते वापरायचं तर त्याची मर्यादा आधी कळायला हवी.

नकाशावरचं ‘यू’ बटण दाबलं की फक्त लष्करी विमानं उरतात. त्यावर डोळे झाकून विसंबू नका. प्रत्येक ट्रान्सपॉन्डरला, म्हणजे विमानाची माहिती रेडिओवरून पाठवणाऱ्या यंत्राला, 24 बिटांचा स्वतःचा क्रमांक असतो. अमेरिकी लष्कराचे क्रमांक ‘एई’ने सुरू होतात, ते लगेच वेगळे पडतात. भारताचा पट्टा मात्र 800000 ते 83एफएफएफएफ असा एकच. त्यामुळे आपल्या हवाई दलाचं विमान साइटच्या यादीत नोंदलेलं असेल तरच या चाळणीत सापडतं. म्हणून ‘यू’ बंद ठेवा आणि 80ने सुरू होणारा क्रमांक, कोरं कॉलसाइन (फेरीचं रेडिओवरचं नाव), विमानाचा प्रकारही कोरा असं दिसलं की त्यावर क्लिक करून मार्ग तपासा. विमान घिरट्या घालतंय म्हणजे टेहळणीच, असंही नाही. नागपूरला उतरायची वाट पाहणारं प्रवासी विमानही लंबगोल फेऱ्या मारतं आणि मग खाली येतं. एकाच उंचीवर तास-दीड तास फेऱ्या चालल्या, तर लक्ष द्यावं.

खरी अडचण इथून पुढे आहे. कित्येक लष्करी विमानं आपली जागा पाठवतच नाहीत, नुसता क्रमांक आणि उंची पाठवतात. त्यांची जागा काढायला तोच सिग्नल जमिनीवरच्या साधारण चार रिसीव्हरांनी, म्हणजे विमानांचे सिग्नल पकडून साइटला पाठवणाऱ्या यंत्रांनी, ऐकावा लागतो. खेड्यापाड्यात तेवढे रिसीव्हर असतात कुठे? नकाशा कोरा दिसला म्हणून आकाश रिकामं समजू नका. ट्रान्सपॉन्डरच बंद असेल तर मग इलाज नाही.

म्हणून स्वतःचा रिसीव्हर लावला तरच ही सेवा इथे कामाची. सिग्नल पकडणारी आरटीएल2832यू चिपची यूएसबी स्टिक, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि विमानांचे सिग्नल येतात त्या 1090 मेगाहर्ट्झचा अँटेना एवढं पुरतं. साधा पाव-तरंग (तरंगलांबीच्या पाव लांबीचा) अँटेना जेमतेम 6.9 सेंटिमीटरचा. तो स्लॅबच्याही वर, जमिनीपासून 9 मीटरवर गेला तर 300 मीटरवरून उडणारं विमान 84 किलोमीटरपर्यंत ऐकू येऊ शकतं. वर्ध्याहून नागपूर विमानतळ सरळ रेषेत 60 किलोमीटर, म्हणजे मध्ये अडथळा नसेल तर उतरणारं विमानही टप्प्यात येतं. टिनाच्या पत्र्याखाली ठेवलेला अँटेना जवळजवळ बहिरा.

डिशची आरजी-6 वायर चालते. ती 75 ओहमची असली तरी तोटा किरकोळ. पातळ आरजी-58 दहा मीटर ओढली तर सिग्नल निम्म्याहून खूप खाली येतो. गावालगत मोबाइल टॉवर असेल तर त्याच्या 900 मेगाहर्ट्झच्या माऱ्याने स्टिक गुदमरते. तिथे स्टिकचा गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) वाढवू नका, फक्त 1090 मेगाहर्ट्झ आत सोडणारा फिल्टर लावा. जोडावर रबरी सेल्फ-फ्यूजिंग टेप गुंडाळली नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात पाणी वायरीत उतरतं.

लाइन वारंवार जाते तिथे रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड खराब होतं, तेव्हा छोटा यूपीएस घ्याच. वैशाखात रास्पबेरी पाय 80 अंशांपर्यंत तापला की आपोआप मंदावतो. पंखा लावा आणि पेटी सावलीत ठेवा.