इटालियन घर की जर्मन घर? ऑ पेअर म्हणून जाण्याआधी

ऑ पेअर म्हणजे परक्या देशातल्या एका कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, थोडीफार घरकामं करायची. बदल्यात स्वतंत्र खोली, जेवण, हातखर्च आणि भाषा शिकायची संधी. इटलीत याला 'आल्ला पारी' म्हणतात, म्हणजे बरोबरीच्या नात्यानं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी एका उन्हाळ्यात इटलीतल्या बर्गामोजवळच्या एका गावात तीन महिने अशी राहिले. माझी मावसबहीण पुण्यात जर्मन शिकून जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये एका घरी वर्षभर राहिली. आता ओळखीतल्या मुली आम्हा दोघींना विचारतात, कुठे जाऊ? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी कागदपत्रं, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. जर्मनीत ऑ पेअरसाठी वेगळा व्हिसा आहे. अर्ज करताना वय १८ ते २६ हवं आणि जर्मनची ए१, म्हणजे अगदी पहिली, पातळी हवी, जी मुंबई-पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात गाठता येते. मुदत ६ महिन्यांपासून १ वर्षापर्यंत. महिना २८० युरो हातखर्च, भाषावर्गासाठी कुटुंबाकडून दरमहा ७० युरो, विम्याचा खर्चही त्यांचाच. काम आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास, वर्षाच्या मुक्कामात ४ आठवडे सुट्टी. सगळं ठरलेलं आहे, घासाघीस करावी लागत नाही.

इटलीचं चित्र थोडं वेगळं. १९६९ साली स्ट्रासबुर्गला ऑ पेअरसंबंधी युरोपीय करार झाला आणि इटलीनं त्याला मान्यता दिली. त्या करारात वय १७ ते ३०, काम साधारणपणे रोज ५ तासांपेक्षा जास्त नाही, आठवड्यात एक पूर्ण दिवस मोकळा आणि महिन्यातून एकदा तरी तो रविवारी, असं आहे. वाचायला छान वाटतं. पण भारतातून जाणाऱ्या मुलीला १९९८ च्या परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यातल्या कलम २७ मधून जावं लागतं. त्यात चांगलं हे, की ऑ पेअर परदेशी कामगारांच्या वार्षिक कोट्यात मोजली जात नाही. अडचण ही, की युवकांच्या देवाणघेवाण योजनेतून न जाता थेट कुटुंबाकडे जाणाऱ्या मुलीला 'नुल्ला ओस्ता', म्हणजे कामाचं परवानगीपत्र, जास्तीत जास्त ३ महिन्यांचंच मिळतं. त्याचा अर्ज कुटुंबानं त्यांच्या जिल्ह्याच्या प्रेफेत्तूरामध्ये, म्हणजे सरकारच्या जिल्हा कार्यालयात, करायचा असतो आणि मगच आपण व्हिसाला जायचं. हातखर्चाचा आकडा सरकारनं ठरवलेला नाही, तो घरागणिक बदलतो. म्हणून रक्कम, तास आणि सुट्टीचा वार निघण्याआधीच लेखी घ्या.

जास्त राहायचं असेल तर काहीजणी इटालियन भाषेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन विद्यार्थी व्हिसावर जातात. पेरुज्या आणि सिएना इथे खास परदेशी विद्यार्थ्यांसाठीची विद्यापीठं आहेत. विद्यार्थ्याला आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. पण मग फी तुमची, खात्यात पैसे दाखवायचे तेही तुमचेच, आणि पोचल्यावर ८ कामकाजाच्या दिवसांत पोस्टात जाऊन राहण्याच्या परवान्याचा अर्ज भरायचा. हा मार्ग शिकायला जाणाऱ्या मुलीचा आहे. फक्त मुलं सांभाळत इटली बघायची असेल तर तो महाग पडतो.

एखादं कुटुंब 'टुरिस्ट व्हिसावर ये, कोण विचारतंय' म्हणालं, तर तिथेच नमस्कार करून थांबा. अडचण आली तर शिक्का तुमच्या पासपोर्टवर पडतो.

तीन महिने कमी वाटतात, पण इटलीत ते नेमके बसतात. तिथल्या शाळा जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बंद होतात आणि सप्टेंबरच्या मध्याला उघडतात. आईवडील कामावर आणि मुलं घरी, अशा वेळी त्यांना ऑ पेअर खरोखर हवी असते. ऑगस्टमध्ये, विशेषतः १५ तारखेच्या फेर्रागोस्तो या सुट्टीच्या सणाच्या आगेमागे, सगळं घर समुद्रकिनारी किंवा डोंगरात हलतं आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर. मी लिगुरियाचा समुद्र असाच पाहिला.

भाषा कुणाची?

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. इटालियन कुटुंबं बहुतेक वेळा ऑ पेअर ठेवतात ती मुलांचं इंग्रजी सुधारावं म्हणून. म्हणजे दिवसभर तुम्ही इंग्रजीच बोलणार. माझं इटालियन वाढलं ते बेकरीत आणि नोन्नाशी, म्हणजे आजीशी, बोलताना, कारण तिला इंग्रजीचा गंधही नव्हता. काही घरांना इंग्रजी मातृभाषा असलेलीच मुलगी हवी असते, आणि आपल्याला नकार येण्याचं ते एक सरळ कारण असतं. ते मनाला लावून घेऊ नका, अर्ज पाठवत राहा. जर्मनीत उलट आहे. घरात जर्मन बोललं जाणं ही व्हिसाचीच अट. बहीण वर्षानं परतली तेव्हा ती फोनवर जर्मनमध्ये भांडू शकत होती.

घर आणि स्वयंपाकघर

इटालियन घरात आपल्याला पटकन आपलं वाटतं. जेवल्याशिवाय कुणी कुणाला सोडत नाही. ओले केस घेऊन बाहेर पडलात तर नोन्ना ओरडते, पोट भरलेलं असताना मुलांना पाण्यात उतरू देत नाही. रात्रीचं जेवण आठच्या सुमारास, सगळे एकत्र. एक लहानशी पण दिलासा देणारी गोष्ट: घरात बिदे, म्हणजे शौचानंतर पाण्यानं धुवायची सोय, असतोच, १९७५ च्या सरकारी आदेशानुसार घराच्या न्हाणीघरात तो सक्तीचा आहे. बहिणीच्या जर्मन घरात रात्री ब्रेड, चीज आणि काकडी असं थंड जेवण आणि मुलं आठला अंथरुणात. तिला सुरुवातीला फार एकटं वाटलं. पण नंतर संध्याकाळ मोकळी मिळायची तिचं मोल कळलं.

शाकाहारी मुलींनो, इटलीत उपाशी राहणार नाही. पास्ता ए फाज्योली ही तर राजम्याची पातळ उसळच, फक्त पास्ता घातलेली. लिगुरियात फारिनाता मिळते, बेसनाचं जाड धिरडं म्हणा, पण भट्टीत भाजलेलं. ते पहिल्यांदा खाल्लं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मात्र परमेज़ान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, असतं आणि भाजीच्या सूपमध्ये चवीला डुकराच्या मांसाचा तुकडा सहज पडतो. 'मी मांस खात नाही' एवढं सांगून पुरत नाही, काय काय चालत नाही ते नावानिशी सांगा.

'तू तर आमचीच'

आता त्या 'आल्ला पारी' शब्दाकडे येते. जर्मन घरात फ्रिजवर आठवड्याचा तक्ता होता. बहिणीचे तास पेन्सिलीनं लिहिलेले, एक तास जास्त झाला की दुसऱ्या दिवशी वजा. मला तेव्हा ते कोरडं वाटलं होतं. माझ्याकडे तक्ता नव्हता, माया होती. 'तू तर आमचीच मुलगी' म्हणत म्हणत इस्त्री माझ्याकडे आली, मग भांडी, मग पाहुण्यांच्या मुलांची झोप. पाच तासांचे आठ कधी झाले कळलं नाही. कुणी वाईट वागलं नाही. पण ते घर आपल्या घरासारखं होतं आणि आपल्या घरात वडीलधाऱ्यांना नाही म्हणायला आपण शिकलेलोच नसतो. पाचव्या आठवड्यात मी रडत रडत बोलले. नोन्नानंच आपल्या मुलीला, म्हणजे मुलांच्या आईला, झापलं आणि इस्त्री परत घेतली.

माझं मत सांगते. पुढे युरोपात शिकायचं, आउसबिल्डुंग, म्हणजे व्यवसाय-प्रशिक्षण, करायचं, तिथे पाय रोवायचे असं मनात असेल तर जर्मनी. वर्ष मिळतं, भाषा मिळते. इटालियन भाषेवर, तिथल्या माणसांवर जीव असेल आणि एक उन्हाळा हाताशी असेल तर इटली, आणि तिथून परत यायचं आहे हे मनाशी पक्कं करून. 'युरोप आहे ना, कुठेही चालेल' अशी इटली निवडू नका, तीन महिन्यांनी हाती काही राहत नाही.

आणि इटालियन कुटुंबाशी व्हिडिओ कॉल होईल तेव्हा पगार-सुट्टीबरोबर एवढं जरूर विचारा, नोन्ना किती लांब राहते?