त्रेत्याकोव्ह कलादालन, मॉस्को : निसर्गचित्रे आणि वन्यजीव

रशियन वास्तववादी निसर्गचित्रण मुळातून पाहायचे असेल, तर मॉस्कोच्या लाव्रुशिन्स्की गल्लीतील त्रेत्याकोव्ह कलादालनाला पर्याय नाही. पावेल त्रेत्याकोव्ह या व्यापाऱ्याने आयुष्यभर जमवलेला हा संग्रह १८९२ मध्ये मॉस्को शहराला दिला. येथील एकोणिसाव्या शतकाच्या दालनांतून फिरताना जाणवते की या परंपरेत प्राणी हा निसर्गापासून वेगळा काढून दाखवण्याचा विषय नाही. हवा, प्रकाश, ऋतू आणि माती यांच्यासकटच तो चितारला जातो.

सर्वाधिक गर्दी असते ती इव्हान शिश्किन यांच्या ‘पाइनवनातील सकाळ’ (१८८९) या चित्रासमोर. त्यातील अस्वले कोन्स्तांतिन सावित्स्की यांनी रंगवली होती. चित्र विकत घेतल्यावर त्रेत्याकोव्ह यांनी त्यांची स्वाक्षरी पुसून टाकली. हे सावित्स्की यांच्यावर अन्याय करणारे होते, असे माझे मत आहे. तरीही मूळ चित्रासमोर उभे राहिल्यावर नजर अस्वलांपेक्षा मोडून पडलेल्या पाइन वृक्षावर, त्याच्या सालीवर आणि मागच्या दरीत विरघळत जाणाऱ्या धुक्यावर अधिक काळ खिळून राहते. सुमारे १३९ × २१३ सेंटिमीटरच्या या कॅनव्हासवर जवळच्या खोडांचे बारकावे आणि दूरच्या झाडांचा फिकट होत गेलेला रंग यांतून जी खोली निर्माण होते, ती छापील प्रतींत बहुतेक हरवते.

अलेक्सेई साव्रासोव्ह यांचे ‘रूक पक्षी परतले’ (१८७१) त्यामानाने बरेच लहान, जेमतेम ६२ सेंटिमीटर उंचीचे आहे. वितळता मळकट बर्फ, वाकडेतिकडे बर्च वृक्ष आणि त्यांवर घरट्यांसाठी लगबग करणारे काळे पक्षी, एवढ्याच सामग्रीतून वसंताची चाहूल उभी राहते.

मला सर्वाधिक भावले ते मात्र अलेक्सेई स्तेपानोव्ह यांचे ‘क्रौंच उडत चालले’ (१८९१). शेताच्या कडेला उभी असलेली खेड्यातील मुले दूर आकाशात जाणारा थवा पाहत आहेत. पक्षी इतके छोटे आहेत की त्यांचे पीस न् पीस दाखवण्याचा प्रश्नच येत नाही, आणि तरीही थव्याच्या रचनेवरून ते क्रौंचच आहेत याविषयी शंका राहत नाही. केवळ तपशिलांच्या गर्दीला वास्तववाद समजणाऱ्या तरुण चित्रकारांनी हे चित्र अवश्य अभ्यासावे. स्तेपानोव्ह यांनी पुढे मॉस्कोच्या कलाविद्यालयात प्राणिचित्रणाचे वर्ग चालवले.

सोमवारी दालन बंद असते. प्राणिचित्रणाचा विसाव्या शतकातील टप्पा पाहण्यासाठी मॉस्कोतीलच डार्विन संग्रहालयात जावे. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेसाठी वासिली वातागिन यांनी अनेक चित्रे आणि शिल्पे केली. दोन्ही ठिकाणे एकाच दिवसात उरकू नयेत.