काळा पाइन सांगून रेडियाटा पाइन गळ्यात मारला, ३५३ डॉलर ५० सेंट गेले

मेलबर्न, सिडनी, ऑकलंड, कुठेही राहत असाल आणि बोन्सायसाठी जपानी काळ्या पाइनच्या बिया ग्रुपवरच्या कुणा ‘आपल्या माणसा’कडून घेणार असाल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा.

२०२२ च्या मे महिन्यात बागप्रेमींच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात आली. माणूस मराठी, सांगलीकडचा, बोलायला अतिशय गोड. “ताई, जपानचं बी आणून, इथल्या हंगामाला फिरवून देतो. तुम्ही फक्त सप्टेंबरात पेरायचं.” मी काही पहिल्या मेसेजला भुलले नाही. प्रश्न विचारले, फोटो मागवले, आधीच्या गिऱ्हाइकांची रोपं बघितली. ते फोटोही दुसऱ्याच कुणाचे होते, हे आता कळतंय.

हंगाम फिरवणं ही थाप नाही, म्हणूनच तो फसवू शकला. जपानमध्ये काळ्या पाइनचे शंकू, म्हणजे ज्यात बी असतं ती लाकडासारखी फळं, ऑक्टोबरच्या सुमारास पिकतात. ते बी इथे येईपर्यंत नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो, म्हणजे आपला उन्हाळा. तेव्हा पेरलं तर कोवळी रोपं मेलबर्नच्या चाळीस अंशांत होरपळतात. म्हणून बी कोरडं ठेवायचं, हवाबंद बरणीत, फ्रिजमध्ये तीन-चार अंशांवर, जुलैपर्यंत. मग एक दिवस पाण्यात भिजवायचं, ओलसर स्फॅग्नम शेवाळात गुंडाळून चार ते सहा आठवडे पुन्हा फ्रिजात, आणि सप्टेंबरात पेरायचं. कोरडं आणि थंड ठेवलेलं पाइनचं बी काही वर्षं टिकतं, ओल लागली की बुरशी धरतं. एवढं सगळं कुणी नीट करून देत असेल आणि त्याचे पैसे मागत असेल, तर त्यात संशय घेण्यासारखं काय होतं?

पैसे असे गेले: १० ग्रॅमची चार पाकिटं, प्रत्येकी ६२ डॉलर, म्हणजे २४८. ‘कोल्ड स्टोरेज’चे ३८. आयात परवान्यातला माझा वाटा म्हणून ५४. पोस्टेज १३.५०. एकूण ३५३ डॉलर ५० सेंट. परवान्याची प्रत मागितली तर “एजंटकडे आहे, पाठवतो” म्हणाला. आली नाही. परवाना डोळ्यांनी बघितल्याशिवाय परदेशी बियांचे पैसे देऊ नका. पाइनच्या बियांबाबत इथले क्वारंटाइनचे नियम कडक आहेत ते उगाच नाहीत. पिच कँकर हा रोग बियांतूनही पसरतो, आणि कॅलिफोर्नियात १९८६ मध्ये सापडल्यापासून त्याने तिथल्या पाइनचं मोठं नुकसान केलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या अटी बायकॉनवर, म्हणजे सरकारच्या आयात-अटींच्या संकेतस्थळावर, कुणालाही वाचता येतात.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून हात थरथरतात. त्याच्या मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: “जपानमध्ये याच एप्रिलमध्ये उतरवलेलं ताजं बी.” एप्रिलमध्ये! एप्रिलमध्ये जपानात वसंत असतो. काळ्या पाइनच्या मेणबत्त्या, म्हणजे नवे कोवळे कोंब, तेव्हा कुठे वर येत असतात, पराग उडायची वेळ जवळ आलेली असते. आज परागण झालेला शंकू पिकतो पुढच्या वर्षीच्या शरदात. एप्रिलात तिथे पिकलेला ताजा शंकू झाडावर नसतोच. पण आपण इथे राहतो. आपला एप्रिल म्हणजे पानगळ, पहाटेचा गारठा, बिया गोळा करायचा महिना. ते वाक्य माझ्या डोळ्यांखालून गेलं आणि बरोबरच वाटलं. इथे वर्षानुवर्षं राहिलेल्या कुणालाही वाटलं असतं. त्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याने ते मुद्दाम वापरलं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी खूण पाकिटावरच छापली होती: “१० ग्रॅम, अंदाजे ३०० बिया”. काळ्या पाइनच्या १० ग्रॅममध्ये सहाशे ते आठशे बिया बसतात. तीनशेच बसल्या तर बी दुपटीने जड आहे, म्हणजे जात वेगळी आहे. पण मोठं, भरलेलं बी हातात आलं की माणूस खूश होतो, वजनाचा हिशेब कोण करतं? तुम्ही करा. ग्रॅमला किती बी, हे आधी विचारा आणि घरी मोजून बघा.

सप्टेंबरात पेरलं आणि भराभर उगवलं. चांगलं उगवलं हीच तर मेख. पहिल्या वर्षी पाइनच्या रोपाला सुट्या सुया, म्हणजे सुईसारखी पानं, येतात, त्यांचे जुडगे नसतात. जात ओळखायची कशावरून? मी रोपं मुळाशी कापून संप्रेरकात बुडवून पुन्हा लावली, चहूबाजूंनी मुळं फुटावीत म्हणून. अकादामा, म्हणजे बोन्सायसाठी वापरतात ती दाणेदार जपानी माती, आणि कुंड्यांना आणखी १२७ डॉलर गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात पहिले जुडगे आले. एक उपटून बोटांत फिरवला. एक सुई, दोन, आणि तिसरी. दुसरा उपटला, तिसरा उपटला, सगळीकडे तीनच. काळ्या पाइनला जुडग्यात दोन सुया असतात, जाड, ताठ, आणि शेंड्याची कळी पांढरीशुभ्र. माझ्या रोपांच्या कळ्या तपकिरी, चिकट. हा रेडियाटा, माँटेरी पाइन. इथे लागवडीत हेक्टरच्या हेक्टर उभा आहे, व्हिक्टोरियात रानात पसरून तण म्हणून बदनाम आहे. याचे शंकू रस्त्याकडेला फुकट मिळतात.

पेमेंट कंपनी म्हणाली, तक्रारीची मुदत १८० दिवस, ती संपली. अहो, जात कळायलाच वर्षाच्या वर लागतं! बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत. ग्राहक कार्यालयात तासभर फोन धरून ठेवला, मग उत्तर मिळालं की हा खासगी व्यवहार दिसतो, दुकानदाराला लागणारी ‘माल वर्णनाप्रमाणे हवा’ ही अट इथे लागू नाही. चाळीस ग्रॅम बी, परवान्याचा वाटा, कोल्ड स्टोरेजचं बिल, आणि हा धंदा नाही? पोलिसांनी ऑनलाइन अर्ज भरायला लावला, नंबर दिला, पुढे शब्द नाही. एका अधिकाऱ्याने तर विचारलं, “पण झाडं उगवली ना?” त्याला सुयांची संख्या समजावून सांगताना घशाशी आलं. क्वारंटाइनच्या लोकांना कळवलं, तर बी बाहेरून आलेलंच नाही असं दिसतंय, म्हणून विषय बंद. परवान्याच्या नावाने ५४ डॉलर घेतले त्याचं काय, यावर सगळे गप्प. प्रत्येक जण पुढच्या दाराकडे बोट दाखवतो.

ग्रुपच्या अ‍ॅडमिनने तर माझाच मेसेज काढून टाकला, “वातावरण बिघडतं” म्हणून. तेव्हापासून त्या ग्रुपवर मी काही घेत नाही.

तो नंबर आता बंद आहे. पण परवा दुसऱ्या एका ग्रुपवर त्याच उघड्या शंकूचा फोटो, तेच “हंगाम फिरवून देतो”, नाव नवीन. या वेळी पांढऱ्या पाइनचं बी म्हणे. ते तर बरंच मोठं असतं, ग्रॅमला आठ-दहा, आणि त्याला थंडीही जास्त दिवस लागते. ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी पाकीट आलं की त्याच दिवशी वजन करा, बिया मोजा, लेबलसकट फोटो काढा आणि शंका आली तर १८० दिवस संपायच्या आत तक्रार टाका. रोप मोठं व्हायची वाट बघू नका.