इव्हान इलिच यांचं 'एनर्जी अँड इक्विटी': गाडीचा खरा वेग

समाजविचारवंत इलिच यांचं १९७४ चं हे पुस्तक जेमतेम पुस्तिकेएवढं, पण त्यातला एक हिशेब डोक्यातून जात नाही. तेव्हाचा अमेरिकी माणूस गाडीपायी वर्षाला १,६०० तास घालवायचा आणि ७,५०० मैल जायचा. म्हणजे ताशी पाच मैलांहूनही कमी. कारण हप्ते, पेट्रोल, विमा, दंड भागवायला राबलेले तासही इलिच प्रवासातच धरतात.

आपल्या गाडीला लावून बघा. वर्षाला १०,००० किमी, चालवण्यात ४०० तास, खर्च दोन लाख. तासाला २५० रुपये हातात पडत असतील तर आणखी ८०० तास. वेग निघाला ताशी ८.३ किमी! इथे लोक सीटीसी (कंपनी आपल्यावर करते तो एकूण खर्च) धरतात आणि गाडी उगाच वेगवान ठरते. हातात येणारा पगारच घ्यायचा. पार्किंग शोधण्याची मिनिटंही सोडू नका.

सायकल आणि बॉल-बेअरिंगवरची पानं सर्वांत सरस: एका गाडीच्या जागेत अठरा सायकली उभ्या राहतात. लंगडी बाजू वेगमर्यादेची. वाहनांचा वेग ताशी १५ मैलांपुढे गेला की समाजातली विषमता वाढते, असं इलिच म्हणतात, पण नेमके १५ च का, हे पटेलसं मांडत नाहीत. गद्यही दाट आहे, घाईत वाचाल तर निसटेल.